एकतिसावा भाग

सोमवार, ९ फेब्रुवारी

भाषणाची टिपणं काढायला म्हणून ही वही आणली. पहिल्याच पानावर टिपणांऐवजी गाऱ्हाणं येतंय, पण वही माझी आहे.

सांगलीला, मी जिथं शिकले त्या कॉलेजात, मराठी भाषा दिनाला माझं भाषण ठेवलंय. विषय मीच सुचवला : 'टीव्हीवरचा तोच विनोद पुन्हा पुन्हा का हसवतो?' फोनवर सांगताना फार हुशारीचा वाटला होता. आता अठरा दिवस उरलेत आणि उत्तराचा पत्ता नाही. लोणंदच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, एवढीच काय ती माझी विद्वत्ता.

पण प्रयोगशाळा मात्र घरातच आहे. आमच्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता 'पाहुणे कधी जाणार?' लागतं. वीस वर्षांपूर्वीची मालिका, बावन्न भाग. राजने, माझ्या नवऱ्याने, ते पेनड्राइव्हवर भरून दिलेत. लग्न होऊन मी या घरात आले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ते फिरतायत. बावन्नावा संपला की पुन्हा पहिला.

गोष्ट एवढीशीच आहे. दिगूमामा लग्नाला म्हणून दोन दिवसांसाठी येतो आणि राहतोच. प्रत्येक भागात तो बॅग भरतो, दारात उभा राहतो आणि म्हणतो, "निघतो मी. कुणी अडवू नका." कुणी अडवत नाही. मामा बॅगेकडे बघतो, दाराकडे बघतो, आणि म्हणतो, "बरं, एवढं अडवताय तर राहतो." यावर माणूस एकदा हसेल, दोनदा हसेल. आम्ही सहा वर्षं हसतोय, हे कसं?

राज फौजेत आहे. सुट्टी संपवून निघतो तेव्हा तोही दारात ट्रंक ठेवून मामासारखा हात करतो. "निघतो मी. कुणी अडवू नका." आम्ही हसतो. पुढचं वाक्य तो म्हणत नाही, गाडीची वेळ झालेली असते.

आजपासून कोण कधी हसतं ते लिहून ठेवणार. आजची नोंद : आबा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार हंबीरराव, वाक्य यायच्या आधी हसतात. मामाने तोंड उघडलं की यांचे खांदे हलायला लागतात. मी वाक्याबरोबर हसते. सासूबाई हसत नाहीत. त्या शेंगा फोडतात आणि मामाला शिव्या देतात. "मेल्याला लाज कशी न्हाई!" पण सातला पाच मिनिटं कमी असताना शेंगांचं सूप घेऊन पहिल्यांदा त्याच येऊन बसतात.

काल राजचा फोन आला होता, दोनच मिनिटं. वरच्या चौकीवर निघालोय, आठवडाभर रेंज नसेल, म्हणाला. आठवडाभर म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलंच.

मंगळवार, १० फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर बातम्या ओरडत होत्या. सीमेवर पुन्हा गोळीबार सुरू झालाय. मी आत गेले तसा आवाज बंद झाला आणि सगळ्यांना एकदम पेपर तपासायची आठवण झाली.

राजचा फोन लागत नाही. लागणार नाही हे त्यानेच सांगितलं होतं. तरी सोळा वेळा लावला.

घरी बातम्या लावायच्या नाहीत हा नियम आहे, आणि तो आबांचा नाही, आईंचा, म्हणजे सासूबाईंचा आहे. कारगिलच्या वेळी आबा तोफखान्यात होते. शेजारच्या कुणीतरी बातमीत नाव ऐकलं, हंबीरराव, जिल्हा सातारा, आणि धावत येऊन सांगितलं. आईंनी बांगड्या फोडल्या. माणसं भेटायला आली, घरात चूल पेटली नाही. नवव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फोनवर आबांचा आवाज आला. ते हंबीरराव दुसरे होते, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. आई हे कधी बोलत नाहीत, मला राजने सांगितलंय. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं : खबर आणायची ती माणसानं, डबड्यानं न्हाई.

आणि आमच्या गावात माणूस म्हणजे आबाच. गावातल्या कुठल्याही घरातला जवान असो, वाईट काही असलं की फोन आधी आबांना येतो. माजी सैनिकांचे ते प्रमुख आहेत. मग ते कोट घालतात, बरोबर दोघांना घेतात आणि त्या घरी चालत जातात. गेल्या दहा वर्षांत दोन घरी गेले.

म्हणून मी आज मनाशी हिशोब केला की आबांकडे बघत राहायचं. आबा शांत असतील तर काही नाही. आज आबा शांत होते. मामाच्या वाक्याआधी हसले, नेहमीसारखे. रात्रीची भाकरी मला गेली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

बारावीच्या परीक्षेची सुपरव्हिजन. तीन तास वर्गात फेऱ्या घालायच्या आणि मोबाइल ऑफिसात जमा. तीन तासांत जगात काय काय होऊ शकतं, याचा विचार करणं एवढंच माझ्या हातात होतं. सुटल्यावर मोबाइल बघितला तर गॅस सिलिंडरचा मेसेज.

येताना रानाकडून आले. उसाला तोड आलीय, टोळी पुढच्या सरीत होती. आबा बांधावर फोन कानाला लावून उभे होते, अगदी ताठ. टाचा जुळवून, डावा हात मांडीला चिकटवून. मी स्कूटी थांबवली. "व्हय सर. व्हय सर," एवढंच ते म्हणत होते. फोन ठेवल्यावरही जरा वेळ तसेच उभे राहिले.

"कुणाचा फोन, आबा?"

"कारखान्याचा. गाडी उद्या येत्या म्हनं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू जेवलीस का?"

तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला 'सर' म्हणणारा हा एकच शेतकरी असेल. फौजेची सवय, दुसरं काय. मला हसू आलं.

नोंद : आज आबा वाक्याआधी हसले नाहीत. वाक्य झालं, मी हसले, आणि मग ते हसले. तोफांनी त्यांचे कान गेलेत, कानातल्या मशीनची बॅटरी संपली असणार. उद्या लोणंदमधून आणते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बॅटरी आणली, घातली. "आता येतंय का ऐकू?" तर म्हणाले, "झ्याक." तरीही हसणं उशिरानेच. मी नीट पाहिलं. मामा वाक्य बोलतो, आबा टीव्हीकडून नजर काढतात, माझ्याकडे बघतात, आणि मग हसतात. खांदे हलत नाहीत, नुसता आवाज येतो.

दुसरी नोंद जास्त मोठी आहे. आई हसल्या! सहा वर्षांत पहिल्यांदा. मामा बॅगेत घरातल्यांची इस्त्री भरतो त्या जागी मी हसले, तर पाठोपाठ आई मोठ्याने हसल्या. सूप कलंडलं, शेंगा घरभर झाल्या. मग वाकून गोळा करत बसल्या, त्या भाग संपेपर्यंत वर आल्या नाहीत. मी मदतीला गेले तर "तू बस, तू बघ," म्हणाल्या.

टिपण : हसणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. एखादा विनोद शंभराव्या वेळीही चालतो, कारण आपण विनोदाला नाही, शेजारच्या माणसाला हसत असतो. हे भाषणात चांगलं वाटेल.

लालासाहेबकाका आले होते, आबांच्या बॅचचे. या माणसाला टीव्हीचा तिटकारा, 'नुसता कलकलाट' म्हणणार. आज पूर्ण भाग बसून बघितला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, काका, आज काय आशीर्वाद वाटत फिरताय? तर म्हणाले, "वय झालं की सुटतोय हात असा." म्हातारी माणसं या दिवसांत घाबरलेली आहेत आणि माझ्यापुढे तसं दाखवत नाहीत. मीही दाखवत नाही. फोन लावणं कमी केलंय, आज नऊच वेळा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

नियम मोडला. कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून मोबाइलवर बातम्या वाचल्या. 'गस्तीवरील तुकडीजवळ सुरुंगस्फोट, तीन जवान जखमी.' नावं नाहीत. मंगळवारची बातमी, आज शुक्रवार. मी तो मजकूर इतक्या वेळा वाचला की शेवटी अक्षरांचा अर्थच लागेना.

घरी आले आणि चप्पल न काढता आबांना विचारलं. ते ओसरीवर विळ्याला धार लावत होते.

"तीन जखमी झालेत, आबा. त्याच भागात."

"नावं हायती का?"

"नाहीत."

"मग?" त्यांनी मान वर केली नाही. "नाव न्हाई, तवर मानूस सलामत. ह्यो फौजेचा कायदा हाय."

"तुम्ही युनिटला फोन लावा ना. तुमचं ऐकतील."

"लावला हुता. सगळं ठीक हाय म्हनले. जा, हातपाय धू."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच पायरीवर बसून रडले, आणि आबा विळ्याला धार लावत राहिले. इतकी धार कुठल्या विळ्याला लागत नाही. पण तेही घाबरलेच असणार ना. मला धीर द्यायचा तर हाताला काहीतरी काम हवं.

संध्याकाळी भाग आला एकतिसावा. हा आबांचा जीव की प्राण. कुणी पाहुणा आला की मुद्दाम तोच लावायला सांगतात. त्यात मामा माळ्यावरून बॅग काढताना पडल्याचं नाटक करतो आणि पायाला प्लास्टर घालून घेतो, म्हणजे निघायलाच नको. पण रोज सकाळी प्लास्टर दुसऱ्याच पायाला. शेवटी डॉक्टर येतो आणि विचारतो, "कुठला पाय?" मामा दोन्ही पायांकडे बघतो आणि म्हणतो, "विचार करून सांगतो." आबा या जागी डोळे पुसत हसतात. दर वेळी.

आज मी रिमोट दाबणार तेवढ्यात म्हणाले, "नगं त्यो. फुडचा लाव."

"एकतिसावा आहे, आबा!"

"लय वेळा बघितलाय."

लय वेळा बघितलाय! या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सगळंच लय वेळा बघितलेलं आहे. मी आईंकडे पाहिलं, तर त्या शेंगेतून दाणा काढून टरफल सुपात ठेवत होत्या आणि दाणा बाजूला टाकत होत्या. मी बत्तिसावा लावला. दोघं माझ्याबरोबर हसली, अगदी एकदम, शाळेतल्या कवायतीसारखी.

टिपण : म्हणजे उत्तम विनोदही शेवटी झिजतो. कधी झिजेल ते सांगता येत नाही. हे कालच्या टिपणाच्या उलट आहे. भाषणाचं काही खरं नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आबा पहाटेच लालासाहेबकाकांच्या गाडीतून साताऱ्याला गेले, मिलिटरी कँटीनला. दोन मोठ्या पिशव्या घेऊन गेले आणि संध्याकाळी त्याच दोन रिकाम्या पिशव्या घेऊन आले. गर्दी होती म्हणे. बारा तास गर्दी होती आणि एक साबण मिळाला नाही. मी बोलले तशी काका म्हणाले, "आवं सूनबाई, रांगच हालंना." पण आबा आल्या आल्या न्हाणीत गेले आणि कितीतरी वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा चेहरा बरा दिसला. कितीतरी दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या. आई त्यांच्याकडे बघत होत्या. आबांनी नुसती मान हलवली, हो म्हटल्यासारखी, आणि आई देवापुढे जाऊन बसल्या.

दुपारी पप्पांचा फोन आला. पप्पा सांगलीजवळ कुपवाडला वर्कशॉपमध्ये असतात, कामाच्या वेळात मेलो तरी फोन करू नका म्हणणारा माणूस. "भाषणाला आली नाहीस तरी चालेल बेटा, मी कॉलेजात जाऊन सांगतो." मी का नाही येणार? तर म्हणाले, "नाही, धावपळ होते." मागे मम्मीचं नाक ओढणं ऐकू येत होतं. सर्दी झालीय म्हणे. मी चिडले. म्हटलं, माझा नवरा चौकीवर आहे, मी नाही. मला आजाऱ्यासारखं वागवू नका. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं.

उद्या रविवार. राजचा आठवडा संपतो. उद्या फोन येईल.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज महाशिवरात्र. आईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दिवसभर फोन आला नाही. मी मोबाइल चार्जिंगवरून काढलाच नाही, न जाणो तेवढ्यात यायचा.

आता जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सात वाजता आम्ही तिघं बसलो. मला काहीतरी करायला हवं होतं. फोन येत नाहीये, निदान भाषणाचं तरी एक कोडं सुटावं. एकतिसावा भाग खरंच झिजलाय की आबांचा त्या दिवशी मूड नव्हता, हे तपासायचं ठरवलं. न सांगता तोच लावला. वही मांडीवर, पेन हातात, आणि मी टीव्हीकडे पाठ करून बसले, आबांच्या चेहऱ्याकडे तोंड करून. मला मामा बघायची गरज नव्हती, सगळं पाठ आहे.

मामा माळ्यावरून पडला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही, मी लिहीत होते. म्हणून तेही हसले नाहीत. त्यांना कळेना काय करावं. मग मामा एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघरात जातो तो आवाज आला, धप, धप, धप, आणि टीव्हीतले लोक हसायला लागले. आबांचे खांदे हलले. मी लिहिलं, 'आबा हसले.' आणि मान वर केली तर ते हसत नव्हते.

"बंद कर गं त्ये," आई म्हणाल्या. मला रिमोट सापडेना. आई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि मेन स्विचच पाडला. दिवे, पंखा, टीव्ही, सगळं गेलं. देवापुढं समई तेवत होती. त्या उजेडात आबा दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसले होते.

मला कधी कळलं ते सांगता येत नाही. बांधावरचं 'व्हय सर' आठवलं, रिकाम्या पिशव्या आठवल्या, मम्मीची सर्दी. आठवलं म्हणण्यापेक्षा ते सगळं वहीत लिहिलेलंच होतं, माझ्याच अक्षरात. मी पेन खाली ठेवलं.

"आबा," मी विचारलं, "कुठला पाय?"



"उजवा," आबा म्हणाले. "गुडघ्याच्या खालनं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, रिपोर्ट देतात तसं, तारीखवार. मंगळवारी सकाळी गस्तीवर सुरुंग. बुधवारी त्यांना फोन. हेलिकॉप्टरने खाली आणलं. शुक्रवारी पुण्याला, लष्कराच्या दवाखान्यात. शनिवारी आबा आणि काका त्याला बघून आले. शनिवारपर्यंत डॉक्टर जगेल असंही म्हणत नव्हते, जखम चिघळली होती. शनिवारी म्हणाले, धोका टळला. आईंना आबांनी बुधवारीच सांगितलं. माझ्या माहेरी गुरुवारी.

"आणि मला?"

"त्यानंच सांगितलं. शुद्धीवर आला तवा पयला शब्द त्योच. साक्षीला सांगू नगा, मी सांगतो. उद्या तुला घिऊन जानार हुतो. आज उपास हुता हिचा, म्हनून."

मी ओरडले. सासऱ्यांपुढे आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो आज चढवला. गावाला माहीत, कुपवाडला माहीत, आणि मी इथं वहीत लिहितेय कोण कधी हसतंय! पाच दिवस तुम्ही बसून हसलात! माझ्यासमोर! कसे हसलात?

आई बोलल्या. त्या भिंतीपाशीच उभ्या होत्या.

"तुझ्याकडं बघून," त्या म्हणाल्या. "आमाला कुठं हसाय येत हुतं, बाई? तू हसायचीस. मग वाटायचं, हिच्या लेखी अजून त्यो धड हाय. ती अर्धी घटका आमीबी तसंच धरून चालायचो. मी देवाला म्हनायची, हिला आजचा दिस हसू दे."

मी त्यांचा राग करायला गेले आणि जमलं नाही. त्यांचे ओठ वाळून पांढरे पडले होते. मी पाणी आणलं. त्यांनी नाही म्हटलं तरी पाजलं. उपास मोडला.

सोमवार, १६ फेब्रुवारी, पुणे

लालासाहेबकाकांच्या गाडीतून आलो. काका गाडी चालवत होते, आबा पुढे, मी मागे. आई घरी राहिल्या. मला म्हणाल्या, तू हो पुढं, मी मागनं येते, आमी दोघी एकदम रडाय लागलो तर त्याला कोन बघंल.

रस्ताभर मी भाषणाचाच विचार करत होते, याची आता लाज वाटते. पण खरं ते लिहायचं असं ठरवलंय. तोच विनोद पुन्हा पुन्हा का हसवतो, ते कळलं असं वाटलं. आपल्याला पुढचं माहीत असतं म्हणून. मामा जाणार नाही हे माहीत असतं. बावीस मिनिटांनी बॅग उघडली जाणार आणि सगळे चहाला बसणार, म्हणून आपण निर्धास्त हसतो. ज्या घरातले पुरुष बॅग भरून खरोखरच जातात, त्या घरात तर हे औषधासारखं लागतं. हे सगळं मनात मांडून झालं आणि मला एकदम ते भाषण करायचंच नाही असं वाटलं. पप्पांना मेसेज केला, कॉलेजात सांगून टाका.

वॉर्डात सहा खाटा. राज खिडकीकडच्या खाटेवर. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, कमरेपर्यंत चादर. मी जवळ पोहोचायच्या आधीच तो सुरू झाला.

"ये, ये! बघ, फायदाच झाला. सकाळी डाव्या पायावर उठायचं की उजव्या, हे आईचं भांडण मिटलं."

शेजारच्या खाटेवरचा पोरगा हसला. लालासाहेबकाका हसले.

"आणि मोज्यांचं बघ. एक हरवला तरी दुसरा फेकायचा नाही आता."

आबा हसले. वाक्य संपायच्या आधी हसले, आणि मला लगेच कळलं की हे विनोद शनिवारी त्यांना ऐकवून झालेत. माझ्यासाठी तालीम केली होती. राजने दोन दिवस पडून पडून विनोद पाठ केले होते आणि आबांना प्रेक्षक म्हणून बसवलं होतं.

"नाचायला मात्र सांगू नकोस हं," तो म्हणाला, "आधीही येत नव्हतं..." आणि थांबून माझ्याकडे बघत राहिला. आता माझी पाळी होती. ती जागा मी ओळखते. वाक्याबरोबर हसणारी मीच. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. आबांचे डोळे तर विनवत होते, हस बाई.

मी हसले नाही.

राजने चौथा काढला, वाघा बॉर्डरच्या कवायतीवरचा, तो अर्ध्यातच सोडून दिला. मी स्टूल ओढून बसले.

"दाखव," मी म्हटलं.

घरच्यांपुढे मी त्याला 'अहो' म्हणते. आज विसरले.

"अगं, काय बघायचंय? नुसतं बँडेज आहे. फुकट पाहुण्यांना तिकीट नाही..."

"राज, दाखव."

आबा उठले. काकांना खांद्याला धरून बाहेर घेऊन गेले. राज चादरीचं टोक मुठीत धरून बसला होता. त्याचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, ते काढायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. मी त्याची मूठ उघडली नाही, वाट बघितली. मग त्याने स्वतःच चादर बाजूला केली.

मी बघितलं. जिथं पाय असायला हवा तिथं गादी होती. मी आधी तिथं हात ठेवला, गादीवर, मग तो वर सरकवत नेला, बँडेज लागेपर्यंत. राज थरथरला.

"दुखतं?" मी विचारलं.

त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

"लय दुखतंय गं," तो म्हणाला. नंतर नर्सने सांगितलं, इथं आल्यापासून तिने रोज विचारलं, आणि रोज त्याने नाही म्हणूनच सांगितलं होतं.